सोमवारच्या पत्रकातली ताई

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय बाबूस,

ताईचा आशीर्वाद. या पत्रात देते आहे, पुढच्या पत्रात देईनच असं नाही.

फोन न करता कागद घेऊन बसले याचं तुला नवल वाटेल. फोनवर मी तापले की तू मध्येच प्रार्थना सुरू करतोस, आणि प्रार्थनेत माणसाला अडवता येत नाही. पाळक झाल्यापासून हे बरं हत्यार तुझ्या हाती लागलं आहे. कागदावर मात्र तुला शेवटपर्यंत तोंड मिटून ऐकावं लागेल.

तर ऐक. काल सकाळी लाँड्रीत शिरले तर हजेरीच्या फळ्यापुढे ही गर्दी. मला बघून सगळ्या बाजूला सरकल्या, जशी काही नवरीच आली. फळ्यावर तुझ्या चर्चच्या मंडळीचं पत्रक चिकटवलेलं. त्यात तू दर सोमवारी लिहितोस ना, आठवड्यात काय काम केलं, कुठलं पुस्तक वाचलं, कुठला सिनेमा पाहिला आणि त्यातून देवाने काय शिकवलं, तेच. आमच्या मुकादमाच्या सासूला ते फोनवर येतं म्हणे. त्याने कागदावर छापून आणलं आणि स्वतःच्या हाताने लावलं.

मी बोट ठेवून ठेवून वाचलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला लागतो तेवढा वेळ लागला.

तू लिहिलं आहेस की तुझी थोरली बहीण इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करते. इथवर खरं. पुढे लिहितोस की तिच्या जोडीदारणीचा क्षणभराच्या निष्काळजीपणाने मशीनमध्ये हात भाजला, मुकादमाने धावत येऊन खटका ओढला म्हणून जीव वाचला, तरी बहीण त्याच्यावर डूख धरून होती, आणि मग एके सकाळी तिने आपणहून त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि त्याला क्षमा केली. वर तो सिनेमाही जोडलास, नायक शेवटी खलनायकाला मिठी मारतो तो.

कुठला चहा रे? त्या माणसाला मी पाणी सुद्धा विचारणार नाही.

आता काय झालं ते नीट वाच, आणि डोळे उघडे ठेवून वाच. इस्त्रीच्या मशीनच्या गरम रुळांच्या पुढे एक आडवी दांडी असते. तिला हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. जाड ओली चादर आली की तिचाही धक्का लागतो, मशीन थांबतं आणि काम तुंबतं. म्हणून मुकादमाने ती दांडी चिंधीने वर बांधून टाकायला लावली. मी भांडले, चिमणी भांडली. चिमणी म्हणजे माझी जोडीदारीण, चादरीचं एक टोक तिच्याकडे आणि एक माझ्याकडे. तो म्हणाला, जमत नसेल त्यांनी घरी बसावं. त्या दिवशी तिचा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. दांडी बांधलेली, मशीन थांबेल कशाला? खटका मी ओढला. मुकादम मागच्या खोलीत फोनवर सिनेमा बघत होता, त्यातली गाणी आम्हाला ऐकू येत होती.

आता तो म्हणतो की दांडी चिमणीनेच बांधली. वीस तारखेला ऑफिसातल्या मोठ्या बाई चौकशी करणार आहेत. ठपका बसला तर तिला काढतील, आणि तो हात घेऊन ती दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहणार? बाजूने बोलणारी मी एकटी. बाकीच्या पोटासाठी गप्प आहेत. आणि मुकादम पत्रक दाखवून सांगत फिरतो की बघा, हिच्या सख्ख्या भावाने, पाळकाने लिहिलं आहे, पाळक काय खोटं लिहील?

तर तू वीस तारखेला इथे ये आणि बाईंपुढे सांग की हे सगळं तुझ्या डोक्यातून निघालं. पोरांना गोड पापा.

लोभ आहे, तो कुठे जातो? पण सध्या घडी घालून बाजूला ठेवला आहे.

ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हिने आधी वाचलं आणि न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवून दिलं, त्यावरून आत काय असेल याची कल्पना आली. इकडे सगळे ठीक. धाकट्याला गिटार हवी आहे. उपासनेसाठी म्हणतो, पण वाजवतो सगळी सिनेमाची. मीही या महिन्यात तीन अंत्यविधी, एक लग्न आणि मंडळीच्या दोन भांडणांत पुरता पिळून निघालो आहे.

ताई, तुझा राग मी समजतो. रागावरचंच एक सुंदर पुस्तक सध्या वाचतो आहे. लेखक म्हणतो, राग हा निखारा आहे, ज्याच्या हातात असतो त्यालाच आधी भाजतो. तू शांतपणे विचार कर. मी लिहिलं ते दाखला म्हणून. दाखल्यात तपशील थोडा पुढेमागे होतो. खलनायक अगदीच काळा रंगवला की क्षमा उठून दिसत नाही, म्हणून मुकादमाला थोडं चांगलं केलं. तू त्या दिवशी फोनवर अपघाताचं इतकं बोलून शेवटी शांत झालीस, मला वाटलं मन निवळलं.

आणि एक सांगू का, रागावू नकोस. छापण्याआधी तो मजकूर मी तुला फोनवर पाठवला होता. प्रत्येक सोमवारचा पाठवतो. तुझं उत्तरही आलं, हात जोडलेले आणि खाली ‘छान’.

वीस तारखेला इथे पाळकांची सभा आहे, मला अहवाल वाचायचा आहे. पण मी पुढच्या पत्रकात दोन ओळी जरूर टाकतो, की अनवधानाने काही तपशिलांत फरक झाला आहे. थोरल्या पाळकसाहेबांचंही हेच मत पडलं. उगाच जास्त खुलासा केला तर लोकांचा लिहिण्यावरचा विश्वास उडेल, असं ते म्हणाले.

तब्येतीला जप. लोभाची घडी लवकर उलगडावी.

तुझा,
बाबू


ता. ११ फेब्रुवारी

बाबूस,

आशीर्वाद नाही.

‘छान’ ना? तुझं लिहिलेलं मी आजवर एकही पुरतं वाचलेलं नाही. ऐकलंस? एकही नाही. दिवसभर उभं राहून घरी येते, पाय टम्म सुजलेले, आणि फोन उघडला की तुझा हा मारुतीच्या शेपटासारखा मजकूर. वरचं वाक्य बघते, बाबूचं आहे म्हणून हात जोडते, छान लिहिते, झोपते. भाऊ लिहितो आहे याचंच कौतुक. आई असती तर तिनेही तेच केलं असतं, आणि तिला तर अक्षरही येत नव्हतं. माझ्या छानवर तू माझ्या जोडीदारणीचा हात विकशील हे मला काय ठाऊक? मी न वाचता छान म्हटलं, तू न विचारता लिहिलंस. पण माझ्या छानने कुणाच्या पोटावर पाय आला नाही.

फोनवर मी शांत झाले कारण गॅसवर भात लागला होता.

निखाऱ्याचं मला सांगतोस? त्या लेखकाला म्हणावं, एक दिवस आमच्या रुळांपुढे उभा राहा, मग कुणाचं काय आधी भाजतं ते लिही. आणि अनवधान कशाला म्हणतात? चिमणीकडून अनवधानाने झालं असं तू छापलंस, आता स्वतःलाही तेच औषध लावतोस. तिच्याकडून मुद्दाम झालं नव्हतं आणि तुझ्याकडून मुद्दाम झालं, एवढाच फरक आहे. तू बसून, विचार करून, पेनाने तिच्या माथी मारलंस आणि त्याला चांगला केलंस. गोष्ट रंगावी म्हणून.

काल चिमणीकडे गेले होते. तिने पत्रकाचं विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाली, तुझा भाऊ माझ्या आईच्या मातीला आला होता, किती छान बोलला होता. मला तिथे बसवेना.

लोकांचा लिहिण्यावरचा विश्वास उडेल म्हणे! उडू दे की. खोट्यावर बसलेला विश्वास उडाला तर पाळकाने टाळ्या वाजवाव्यात. सिनेमातला नायक मिठी मारतो खरा, पण त्याआधी खलनायक गुडघ्यावर येतो, ते बघायला विसरलास वाटतं.

अहवाल दुसरा कुणीही वाचेल. हे तुझ्याशिवाय कुणी बोलू शकत नाही. आलास तर जेवायला घरी ये. नाही आलास तर यापुढे मला प्रार्थनेतही घेऊ नकोस, माझं मी बघून घेईन.

लोभाचं काही लिहीत नाही.

ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र हिने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं की कपडे कुठले भरू. अहवाल धाकटे पाळक वाचतील. थोरले साहेब नाराज आहेत, सोमवारचं पान बहुतेक दुसऱ्या कुणाकडे जाईल. चिमणीबाईंच्या आईच्या अंत्यविधीला मी काय बोललो होतो हे काही केल्या आठवत नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

वीस तारखेला सकाळच्या गाडीने येतो. जेवणाचं मागाहून ठरव.

तुझा,
बाबू


ता. २७ फेब्रुवारी

प्रिय बाबूस,

आशीर्वाद.

सुखरूप पोचलास, बरं झालं. डबा परत पाठवायची घाई करू नकोस.

तू आलास ते चांगलं केलंस. पण सांगायला किती आढेवेढे रे तुझे! आधी म्हणालास रूपक. मग म्हणालास अतिशयोक्ती. बाईंनी चष्मा काढून विचारलं की म्हणजे नक्की काय, तेव्हा कुठे तुझ्या तोंडून निघालं की मी खोटं लिहिलं, या लाँड्रीत आज पहिल्यांदा पाय ठेवतो आहे. तुझा आवाज चिरकला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी खाली बघितलं नाही.

तू गाडीला गेल्यावर आणखी दोघी उठल्या आणि दांडी कुणी बांधायला लावली ते सांगून मोकळ्या झाल्या. इतके दिवस दातखीळ बसली होती. चिमणीवरचा ठपका निघाला. ती कामावर आहे, सध्या घडीच्या टेबलावर. दांडी सोडली. मुकादमाला नुसती ताकीद. हो, नुसती! माझं रक्त अजून उकळतं आहे, तुझ्या त्या लेखकाला कळव.

आता खरी गंमत ऐक. काल तो मुकादम सगळ्यांदेखत माझ्याकडे आला. हात जोडले, मान खाली, म्हणाला की चुकलं, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, माफ करा. चिमणी तिथेच टेबलाशी. तिच्या पुढून चालत, तिला ओलांडून, तो माझ्याकडे आला! तुझ्या पत्रकात माफ करणारी बाई मी ना, मग भाजलेली कशाला दिसेल?

मी म्हणाले, हात माझा भाजलेला नाही, पत्ता चुकलात, आणि बोटाने दाखवलं.

गेला बिचारा, गेला कसला, पाय ओढत गेला. तिच्यापुढे पुन्हा हात जोडले. चिमणी उशीचे अभ्रे एका हाताने रचत होती, ती थांबली नाही. म्हणाली की माझी वेणी मला घालता आली की सांगते. तोवर रोज सकाळी विचारून जात जा.

आज सकाळी तो आला. तिने नुसती मान हलवली, अजून नाही म्हणून, आणि तो आला तसा गेला. कुणी हसलं नाही.

सोमवारचं पान तुझ्याकडेच राहिलं तर हे लिही. मी हो म्हणते आहे, आणि या वेळी काय लिहिणार ते ऐकून हो म्हणते आहे. पण चहाचा कप ठेवू नकोस कुठे. मिठीही नको. तिचा पंजा अजून उघडत नाही, आणि तिची वेणी रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी घालते, एवढंच आहे ते लिही.

तुझ्या बायकोला माझा विशेष आशीर्वाद, तुझ्यापेक्षा जास्त. लोभ होता तिथेच आहे.

ताई