दादाचं वांग्यांवरचं भाषण आणि मच्छरदाणीच्या काठ्या

नागपूर, रविवार

प्रिय दादास,

लतिकाचा मनापासून जयभीम. रोशनीवहिनीलाही सांग. सावनेरला सगळं ठीक ना? तुझा गुडघा कसा आहे? (धंतोलीच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधत नाहीस, हे मला वहिनीने सांगितलेलं नाही, असं समज.) आम्ही दोघं मजेत आहोत.

आकाशवाणीवर तुझं भरिताच्या वांग्यांवर भाषण आहे, हे कळल्यापासून मी अर्ध्या कॉलनीला सांगत सुटले होते. आपल्या घरातला पहिला माणूस रेडिओवर! पण रेडिओ लावून बघितला तर नुसती घर्रर्र. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने दुकानावर नवी चमचमती पाटी लावली आहे. संध्याकाळी ती पेटली की आमचा रेडिओ पिठाच्या चक्कीसारखा बोलतो. मी विनंती करायला गेले, तर तो म्हणाला, "पाटी बंद केली तं लोकायले वाटते दुकान बंद झालं, ताई." (वर गरम जिलेबी हातावर ठेवली, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.) मोबाईलवर लावलं, तर तिथे नुसतं चक्र फिरत राहिलं.

आमचे हे कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून घरात काही बिघडायची वाटच बघत असतात. त्यांनी मच्छरदाणीच्या काठ्या काढून फुलीसारख्या बांधल्या, त्यांच्या टोकांवरून तार गुंडाळून चौकट केली आणि ती रेडिओशेजारी उभी केली. (डास आम्हाला दोन दिवस फोडून खात होते, ते वेगळं.) ह्या चौकटीची कड जिकडे असेल तिकडचं जोरात ऐकू येतं आणि तोंड जिकडे असेल तिकडचं पार बसतं. म्हणून ह्यांनी चौकटीचं तोंड पाटीकडे केलं. घरघर गेली. पण आकाशवाणीही गेली! आमच्या घरातून बघितलं तर दुकान आणि आकाशवाणीचा मनोरा एकाच रेषेत येतात. एकाचं तोंड बंद केलं की दुसऱ्याचंही होतं.

मग हे म्हणाले, "मनोरा दूर आहे, पाटी जवळ आहे. आपण थोडं सरकलो की पाटीची दिशा बदलेल, मनोऱ्याची नाही. आपणच जागा बदलू." झालं! हे चौकट घेऊन पुढे आणि मी रेडिओ घेऊन मागे, अशी आमची मिरवणूक गल्लीतून निघाली. कोणी विचारलं, "केवढी मोठी पतंग गा ही!" गल्लीतल्या गोपाळरावांना वाटलं, आम्ही जमिनीतलं पाणी शोधतोय. त्यांनी ह्यांना हाताला धरून अंगणात नेलं आणि बोअर कुठे घेऊ म्हणून विचारलं. (ह्यांनी एक जागा दाखवूनही दिली. मी लाजेने रेडिओकडेच बघत राहिले.)

शेवटी दोन्ही दिशा वेगळ्या झाल्या त्या गल्लीच्या वळणावर, आणि तेही नेमक्या चारुशीलाच्या स्वयंपाकघराजवळ. हीच ती, जिने आमच्या खिडकीखाली वाळत घातलेल्या मुगवड्यांवर आमच्या कूलरचं पाणी पडलं होतं. दोन उन्हाळे आमचं बोलणं बंद होतं. पण भाषणाची वेळ झाली होती. मी दार वाजवलं.

"आता काय घरात पाणी सांडाले आली काय वं?" ती म्हणाली.

"चारुशीला, माझा दादा बोलणार आहे रेडिओवर. तुझ्या ओट्याजवळच ऐकू येते वं."

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "मंग बाहेर काहून उभी आहे? चहा ठेवते. ये."

ओट्यावर चौकट ठेवली, ह्यांनी ती हळूहळू फिरवली आणि घरघर अशी थांबली की कुकरची वाफसुद्धा ऐकू यायला लागली. मग निवेदिकेच्या स्वच्छ आवाजात तुझं नाव आलं, "सावनेरचे शेतकरी धम्मानंद." दादा, माझ्या अंगावर काटा आला. चारुशीलाने माझा हात घट्ट धरला. भाषण फारच सुंदर झालं. काय तो आवाज, काय ती माहिती! सगळ्यांनी तुझं कौतुक केलं.

वहिनीला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
लतिका

ता. क. मच्छरदाणी आता चारुशीलाने दिली आहे. जुनीच आहे, पण चांगली आहे.

ता. क. २. खरं सांगते, तुझ्या नावापुढचं एक अक्षरही ऐकलं नाही. चारुशीला मुगवड्यांवर बोलायला लागली, मी कूलरवर, तिच्या सासूबाई "कोण होय हा, कोण होय हा" करत राहिल्या आणि घरघर कशी घालवली हे आमचे हे सगळ्यांना ओरडून सांगत होते. येत्या रविवारी टोपलीभर वांगी घेऊन ये आणि चारुशीलाच्या ओट्याजवळ उभा राहून सगळं पुन्हा बोल. आम्ही गप्प बसू. प्रयत्न तरी करू.