तीन नंबरची कोंबडी

९ जानेवारी, दु. ३
पाचव्या कोंबडीच्या घशात स्वॅब घालत होतो तेव्हा दादासो म्हणाले, परवाच सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातल्यात की. हातकणंगल्याचे पोल्ट्रीवाले. आठवड्यात तीनशे कोंबड्या मानमोडी रोगानं गेल्या. थेंब म्हणजे लस. तिच्यातही विषाणू जिवंतच, पण सौम्य. मला घातक हवा. मेलेल्या मागच्या खड्ड्यात होत्या. वास फार. उभ्या होत्या त्यांच्यातूनच घेतले.
थेंबांची नोंद केली नाही. पान भरलं होतं.

१० जानेवारी
यंदा पीएच.डी. संपवायची. घातक विषाणू आणि लशीचा विषाणू, दोन्हींच्या अँटिजेनमधला, म्हणजे प्रथिनांमधला, फरक. तीस जून शेवटची तारीख. दोनदा वाढवून मिळाली आहे, तिसऱ्यांदा नाही. रोज पाचला उठणं.

११ जानेवारी
सोमवारपासून.

२ फेब्रुवारी
महिन्याभराच्या सहा पिल्लांना दादासोंकडचा विषाणू टोचला. आठवड्यात मरतील. नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर. जीव गुंतायला नको.

९ फेब्रुवारी
एकही नाही. उद्या.

१० फेब्रुवारी
उद्या.

२३ फेब्रुवारी
सगळ्यांचं वजन वाढलं. लॅब अटेंडंट ज्ञानूमामांनी दाणे टाकताना विचारलं, सर, ही मारायची हायत का पाळायची? विषाणू घातकच आहे, पण संयमी. असा शब्द थिसिसमध्ये चालतो का, पाहणं.

१४ मार्च
प्रथिनं वेगळी करून दाखवणारं जेल चालवलं. दोन्ही विषाणूंच्या प्रथिनांच्या पट्ट्या शेजारी शेजारी. एकाही पट्टीचा फरक नाही. घातक आणि सौम्य तंतोतंत सारखे. हे आजवर कुणालाच दिसलेलं नाही. एकट्यानंच दोन चहा घेतले.

२ एप्रिल
गाईड क्रांती मॅडमनी जेल बराच वेळ पाहिलं. विचारलं, दोन्हींकडे एकच बाटली ओतली नाहीस ना? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या कोंबड्यांना लस दिली होती का, ते विचारून घे.
विचारायची गरज नाही. मला माहीत आहे.
मोठ्या कामाला आधी असाच विरोध होतो.

११ मे
दादासोंचा फोन. नवी पिल्लं आणायची आहेत, हीच लस चालंल का? अभ्यास सुरू आहे म्हटलं. ते म्हणाले, पावणं, तुमी अभ्यास करा, पर तवर कोंबड्यांनी काय करायचं? रेंज नसल्याचं सांगून ठेवून दिला.

२९ जून, सायं. ६
उद्या थिसिस जमा करायचा. सगळं लिहून झालं. तक्ता क्रमांक चार, घातक गटातील मृत्यू, तेवढा एक रकाना रिकामा.
तीन नंबर दुपारपासून कोपऱ्यात आहे. खात नाही. पिसं फुगवलेली, मध्येच कण्हते. पाच महिने वाट पाहिली, पण अखेर. मॅडमना मेसेज केला: सुरुवात झाली. रकान्यात पेन्सिलनं १ लिहिला. उरलेल्या पाच रात्रीतून जातील.
ज्ञानूमामा तिला पाहून म्हणाले, सर, जरा पेंढा घालू का खाली? मरणाऱ्याला काय पेंढा. घाला म्हटलं.

३० जून, स. ७
तीन नंबरनं अंडं घातलं. ज्ञानूमामांनी ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं, खोडरबराशेजारी.