खिडकीपुढची वाकडी स्क्रीन

बाबा, मला एक स्क्रीन घ्यायची आहे आणि ती घ्यावी की नाही हे मला कळत नाही. टीव्ही नाही. कम्प्युटरची, पोरं गेम खेळतात तसली, जवळजवळ चार फूट लांब आणि दोन्ही टोकं आपल्याकडे वळलेली. तुमच्या वेळेला असलं काही नव्हतं, म्हणजे समजावून सांगायला लागणार, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या एसटी गाडीची पुढची काच आठवा. सीटवर बसलं की ती दोन्ही बाजूंनी अंगावर यायची ना, तसंच. मी एका गेममध्ये बस चालवते, त्यासाठी ती पाहिजे. एक्कावन्न वर्षांची बाई बस बस खेळते म्हणून हसायचं असेल तर हसून घ्या, मग पुढचं वाचा.

पैशाची अडचण नाही, ते आधीच सांगते. सासऱ्यांनी जिथे भात लावलं त्याच जमिनीवर आमची ही डोंबिवलीची बिल्डिंग उभी आहे आणि त्यात आमचे दोन फ्लॅट आहेत. नवरा सकाळी बाइकवर शीळफाट्याला जातो, तिथे त्याचं रेती-सिमेंटचं दुकान. पोरगी बंगलोरला कम्प्युटरच्या नोकरीत. घरात मी आणि म्हातारी. म्हातारी म्हणजे माझी सासू, लग्नात तुमच्याशी जेवणावरून भांडलेली तीच. चार वर्षांपूर्वी तिची एक बाजू गेली. तेव्हापासून हॉलमध्ये खिडकीला लागून तिची कॉट आहे. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, भरवायचं, साफ करायचं. मी भाजी आणायला जाते तीसुद्धा शेजारीण येऊन बसली तर. चार वर्षांत मी एक लग्न बघितलं नाही, कुणाच्या मयताला गेले नाही. पोरगी जाताना तिचा जुना कम्प्युटर ठेवून गेली, मग टेबलाला चिकटवायचं एक गोल स्टिअरिंग पाठवलं, फोनवर सांगून सांगून माझ्याकडून सगळं जोडून घेतलं आणि म्हणाली, तुझे बाबा ड्रायव्हर होते ना, मग चालव. दुपारी म्हातारीचं जेवण झालं की मी कोपऱ्यात बसते आणि बस काढते. परदेशातले रस्ते, पण बस लाल. रंग पोरीने बदलून दिला.

छोट्या स्क्रीनवर फक्त समोरचं दिसतं. आरसा बघायचा तर एक बटण दाबावं लागतं, मग समोरचं जातं. मला त्याचा राग येतो, आणि तो राग तुमच्यामुळे येतो. मी सहावीत असताना तुमचा डबा घेऊन ठाण्याला खोपटच्या डेपोत आलेली. तुमची गाडी धुवायला लावलेली. तुम्ही मला उचलून तुमच्या सीटवर बसवता. पाय क्लचला पोचत नाहीत, सीटचं रेक्झिन तापलेलं आहे, फ्रॉकखाली चटका बसतो. तुम्ही खाली उभे राहून विचारता, डाव्या आरशात काय आहे? मी मान वळवते. तुम्ही टपली मारता, मान नाही, डोळा. मी सांगते, नळ आहे, बादली आहे, एक माणूस चहा पितोय. आता समोर बघ, म्हणता, आणि मला सांग त्या माणसाचा चहा संपला का. मी समोर बघून सांगितलं, संपला, कप ठेवायला गेला. डबा खाताना तुम्ही अर्धी पोळी मला दिलीत. असं तुम्ही कधी करायचा नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

आणि सतराव्या वर्षी मी विचारलं, मला गाडी शिकवा, तेव्हा तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. म्हणालात, "सातवी नापास पोरीला लायसन कोण देणार? आणि दिलं तर तुला नवरा कोण देणार? भाकऱ्या थाप." आई तव्याशी बसून हसली. मी भाकऱ्या थापल्या. पुढच्या वर्षी लग्न झालं. ते बोलणं मी आजपर्यंत विसरले नाही आणि कुणाला विसरू दिलं नाही. घरात पाहुणे आले, गाडीचा विषय निघाला की मी सांगतेच, माझ्या बापाने शिकू दिलं नाही.

तर म्हातारीला माझ्या बसचा नाद लागला. तिला कॉटवरून त्या कोपऱ्यातलं धड दिसत नाही, तरी कान तिकडे. मी इंजिन चालू केलं की विचारते, "कंय चाललीस गो आज?" मी काहीतरी सांगते, नाशिक, पुणे. मग ती म्हणते, "मना खरवलीला सोर." खडवली तिचं माहेर. नदीच्या काठी घर होतं, आता तिथे तिचं कुणी नाही. मी कुठल्यातरी परक्या देशातल्या पेट्रोल पंपावर बस थांबवते आणि सांगते, उतरा, आली खडवली. एकदा गेममध्ये सगळीकडे बर्फ पडलेला. तिला तेवढं पांढरं दिसलं. म्हणाली, "खरवलीला बरफ कवा परला? पैसं परत दे." मी तिला तिकिटाचे पैसे परत दिले, म्हणजे हवेतच. चांगल्या हाताने तिने ते उशीखाली ठेवले.

मोठ्या स्क्रीनला जागा एकच आहे. एका भिंतीला कॉट, एका भिंतीला शोकेस आणि देव, एकीला दरवाजा. राहिली खिडकी. तिच्यापुढे टेबल लावायचं आणि त्यावर ती स्क्रीन. म्हणजे खिडकी बंद. आता म्हातारीला त्या खिडकीतून काय दिसतं, तर समोरच्या बिल्डिंगचे पाइप आणि एक बाल्कनी. त्या बाल्कनीत एक बाई रोज अकराला केस वाळवते. दोघी कधी बोलल्या नाहीत, पण म्हातारीला तिचं सगळं माहीत आहे. नवऱ्याशी कधी वाजलं, आई कधी राहायला आली, केसांना रंग कधीपासून लावते. मला बोलावून सांगते, आज तिने तोच गाऊन घातलाय बघ. चार वर्षं तिच्या जगात मी आणि ती बाई.

म्हणून मी घ्यायच्या आधी पुठ्ठ्याची स्क्रीन केली. शेजारणीकडे नवीन फ्रिज आलेला, त्याचा खोका मागून आणला. पोरीने फोनवर माप पाठवलं, त्या मापाने कापला आणि वाकवायला दोन टोकांना दोरी बांधली, धनुष्यासारखी. टेबल खिडकीपुढे ओढून तो पुठ्ठा त्यावर उभा केला आणि म्हातारीला म्हटलं, तीन दिवस असं राहून बघू. एका बाजूला वीतभर खिडकी उघडी राहत होती, तिथून ती बाल्कनी दिसत होती. पोरीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, आई, तू फार वाकवलंस, खरी इतकी वळत नाही, ती अख्खी खिडकी झाकेल. मला ते माहीत होतं. बांधतानाच माहीत होतं. दोरी मी मुद्दाम जास्त ओढलेली. पोरीला म्हटलं, बरं, आणि दोरी तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी म्हातारी आपणहून म्हणाली, घे. मी म्हटलं, ती बाई दिसणार नाही कदाचित. म्हटलंच शेवटी. त्यावर म्हणाली, "ती नाय दिसली तरी चालंल. तू हितंच बसशील ना माझ्यापाशी?" बाबा, माणसाला अशा वेळी भरून येतं म्हणतात. मला कुणी बाहेरून दाराला कडी घातल्यासारखं झालं. कोपऱ्यात असताना निदान तिच्याकडे माझी पाठ असते. तेवढी एक पाठ माझी होती. मी उठले आणि भांडी नव्हती तरी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तरी मी बघायला गेले. शेजारीण पाचपर्यंत बसते म्हणाली. ठाण्यात एका मोठ्या दुकानात ती स्क्रीन लावून ठेवलेली. सेल्समन म्हणाला, मॅडम, मुलासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. तो हसला, मग माझं तोंड बघून त्याने खुर्ची पुढे केली. त्याने गाडीचा गेम लावला. काय सांगू. डावा आरसा, उजवा आरसा, समोरचा रस्ता, सगळं एकाच वेळी, मान न हलवता. दुकानातले लोक दिसेनासे झाले. त्याने दोनदा मॅडम मॅडम केलं तेव्हा उठले.

बाहेर आले तर दोनच वाजलेले. घरी जायचा वेळ सोडून दोन तास माझे होते, चार वर्षांत पहिल्यांदा. पाय आपोआप खोपटला गेले. डेपोच्या गेटपाशी एक लाल गाडी मागे येत होती आणि स्टिअरिंगवर बाई होती. खाकी शर्ट, तेल लावून घट्ट वेणी, तिशीची असेल. आरशात बघत बघत ती गाडी मागे घेत होती, मान सरळ. मला आरशात बघून तिने खिडकीतून हात काढला आणि म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा जरा." मी बाजूला झाले. तिच्याशी बोलायचं होतं. कसं शिकलीस, किती दिवस लागले, भीती वाटते का. ती उतरली, नळावर पाणी प्यायली, मोकळीच होती. मी रिक्षा पकडली आणि घरी आले. चार वाजायच्या आत घरात होते. शेजारीण म्हणाली, अगं, एवढ्यात? म्हातारी म्हणाली, आली गो माझी ड्रायवर.

त्या संध्याकाळी पोरीचा फोन आला. नेहमी घाईत असते, त्या दिवशी नव्हती. म्हणाली, "आई, तुला स्क्रीन पाहिजे का गाडी? पप्पांची गाडी खाली उभी असते दिवसभर. आजीला बघायला मी आठवड्यातून तीन दिवस बाई लावते. तू क्लासला जा आणि खरी चालव." नवरा समोर जेवत होता, फोन स्पीकरवर. तो ताटात बघत राहिला. मी पोरीला म्हटलं, आता काय वय आहे का, माझ्या बापाने शिकू दिलं असतं तर गोष्ट वेगळी.  ती म्हणाली, ठीक आहे, स्क्रीनच मागवते. शुक्रवारी येणार आहे, तोवर नको म्हणता येतं.

नवरा ताटात का बघत होता ते फक्त त्याला आणि मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले, म्हातारीच्या औषधांच्या वहीत, मागच्या पानांवर. नऊ वर्षांपूर्वी त्याने नवीन गाडी घेतली तेव्हा तोच मला म्हणाला, चल, शिकवतो. म्हातारी तेव्हा धडधाकट होती. चार रविवार मी मोकळ्या मैदानात चांगली चालवली. पाचव्या रविवारी शीळफाट्याच्या चढावर गाडी बंद पडली, मागे ट्रक, सगळे हॉर्न मारायला लागले, आणि गाडी मागे सरकायला लागली. त्याने हँडब्रेक ओढला. काही झालं नाही. पण मी दार उघडून उतरले, रस्त्याच्या कडेला उलटी केली आणि परत त्या सीटवर बसले नाही. तो किती वेळा म्हणाला, असं सगळ्यांचं होतं. घरी आल्यावर म्हातारीने विचारलं, काय झालं गो, तर मी म्हटलं, लहानपणी बापाने शिकू दिलं नाही, आता कुठे जमणार. नवऱ्याने ते ऐकलं आणि खोडलं नाही. तेव्हापासून तेच सांगते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, उलट बोलायला तुम्ही नाही, म्हणून सोपं जातं. परवा पोरीलाही तेच सांगितलं.