आम्हा तिघींची मशीन

मंगळवार, संध्याकाळ

आज चिंचोळीच्या कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची मोजदाद करत होते. कुठल्या मशीनवर कोणतं सॉफ्टवेअर आहे हे शोधणारी क्वेरी चालवली आणि त्यावरून गट पाडले. एका गटात तीनच मशीन आली. तिन्हींवर स्क्रीन चोरून बघणारं सॉफ्टवेअर! एक शबानाचं, एक सविताचं आणि एक माझं. मॅनेजर अंगचटीला येतो, ही तक्रार आम्ही तिघींनीच केली होती. योगायोग? कसला योगायोग!

आमच्या आयटीचे प्रमुख बिराजदार सर. त्यांना एवढंच विचारलं, "सर, हे सॉफ्टवेअर कुणी बसवलं?"

"ऑडिटचं आहे ते. तीनच मशीनवर तर आहे की."

तीन हा आकडा मी सांगितलाच नव्हता. मग त्यांना कसा ठाऊक?

फोनवर बोलायची भीती वाटली. सुटल्यावर शबानाला गेटबाहेर गाठलं आणि सगळं सांगितलं. ती जराही दचकली नाही.

"मला कळलं होतं की," ती म्हणाली. "सगळ्यांचे पासवर्ड तुझ्याकडंच असतात. मला वाटलं, तूच बसवलंस."

म्हणून ती हल्ली माझ्याबरोबर डबा खायला बसत नव्हती तर.