बोयनित्सेचा पाहुणचार

पिनर, लंडन, ३ फेब्रुवारी

चि. राजीवास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. ईशिताचं होणारं सासर बघून काल परत आले. वहिनी गेल्यावर पोरीला मीच वाढवलं, आणि आत्या नाही म्हणाली तर लग्न करणार नाही असा शब्द तिने तुला दिलाय. त्यापायी या वयात स्लोव्हाकियात जाऊन कुडकुडले.

बोयनित्से म्हणजे एक किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी उरलेलं गाव. नऊशे वर्षांपूर्वीच्या कागदात किल्ल्याचं नाव आहे, पण आजचं केकसारखं रूप काउंट पाल्फीच्या हौसेचं. म्हणे एका फ्रेंच मुलीसाठी त्याने सगळं नव्याने बांधायला काढलं. तिचं लग्न दुसरीकडे झालं आणि काम पुरं होण्याआधी हा गेला. जेवण झालं असेल तरच पुढचं वाच. तळघरात त्याची दगडी शवपेटी आहे. शव नीट टिकवलं नव्हतं, त्यामुळे कित्येक वर्षं त्या पेटीतून पाणी झिरपायचं. आणि लोक तिकीट काढून हे बघतात! किल्ल्याखालच्या गुहेत कुबट वास, शेजारच्या प्राणिसंग्रहालयातला तर सांगतच नाही. दारातल्या जुन्या लिंडेनच्या झाडाखाली हंगेरीचा मात्याश राजा बसायचा म्हणे. मी गेले तेव्हा त्याला एक पान नव्हतं.

खरी शिसारी पुढेच. होणाऱ्या जावयाच्या, ओंद्रेयच्या आईने, झ्देन्काबाईंनी, माझ्या मानाखातर अंगणात अख्खं डुक्कर कापायचा घाट घातला. गाव जमलेलं, रक्ताची बादली, आतडी धुणं चालू, आणि मानाची म्हणून पहिली रक्ताची सॉसेज माझ्या ताटात. उभ्या जन्मात अंडं शिवलं नाही मी! तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले. बाई गोंधळल्या. तुम्ही फक्त गाईचं खात नाही असंच तुमच्या भावाने कळवलं होतं, असं त्यांनी ओंद्रेयकरवी सांगितलं. विसरलास कसा तू?

हात दुखला. मुलाबद्दल पुढच्या पत्रात. बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुझी नंदाताई

रीडिंग, ६ फेब्रुवारी

ती. नंदाताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली आणि रिलीफही वाटला. विसरलो नव्हतो गं. त्या बाईंनी मला मेसेज करून विचारलं होतं. मी मुद्दामच नुसतं बीफ लिहिलं. ईशिताला लॅब सोडून येता येत नव्हतं, तिला सांगितलं की सगळं कळवलंय. म्हटलं, ते काहीतरी भलतंच वाढतील, तूच नको म्हणशील आणि माझ्यावर बालंट येणार नाही.

मुलगा सज्जन आहे, मान्य. पण आपल्यात त्या लोकांना बसवायचं कुठे? काल ईशिताला केंब्रिजला फोन करून सांगितलं, आत्याला सगळ्याची किळस आली, ती नाही म्हणते. पोरीने फोन ठेवला. सावरेल. वीकेंडला ये, येताना भाजणीचं पीठ आण.

लोभ आहेच, तो वाढवावा.

राजीव

पिनर, ९ फेब्रुवारी

राजीव,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मी कशाला नाकं मुरडली नाहीत? तुझ्या लग्नात जिलबीपासून भटजींपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली होती, म्हणून ते मोडलं का?

त्या दिवशीचं राहिलेलं ऐक. मी काय खाते ते कळल्यावर झ्देन्काबाई रडल्या. शेजारणीकडून कोरं पातेलं आणलं, माझ्याच हातून बटाटे उकडून घेतले आणि घरात एवढी मेजवानी असताना स्वतःही माझ्याबरोबर तेवढेच खाल्ले. निघताना मी त्यांची ओटी भरली आणि हातावर साखर ठेवली. आपल्यात साखर दिली म्हणजे लग्न ठरलं, हे ओंद्रेयने समजावून सांगितल्यावर त्यांनी ती माझ्यासमोर खाल्ली.

हे सगळं ईशिताला आज सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं. ती आता तुझा फोन उचलणार नाही.

ती बादली आणि तो झिरपणारा काउंट मी विसरेन. पण त्या बाईने मानाने बोलावलं आणि माझ्या सख्ख्या भावाने तिला तिच्याच अंगणात ओशाळं केलं, याची किळस काही केल्या जात नाही. झ्देन्काबाईंना फोन कर आणि आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांग. नाही केलास, तर मांडवात कन्यादानाला आमचे हे आणि मी बसू.

लोभ मागू नकोस, आधी तिकडची माफी माग.

नंदा