हालचाल आहे

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं बरे असाल. इकडे बाबांचे टाके सुकत आलेत. काल वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत गेले आणि परत येताना नर्सबाईंना म्हणाले, रस्ता फार खराब आहे. म्हणजे मांडीचं हाड मोडलं तरी डोकं जागेवर आहे.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुझा सहा पानी ईमेल मिळाला, आलेखांसकट. बापाचं हाड मोडल्यावर आलेख पाठवणारा तू आपल्या घराण्यातला पहिलाच.

गेल्या वर्षी बारा दिवसांची सुट्टी काढून आलास, त्यातले नऊ दिवस स्टुलावर उभा होतास. तो पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आणि त्याच्या वायरी. खोटं कशाला बोलू, टाकी भरली की घंटा वाजते ते उत्तम केलंस. औषधांच्या खणातला दिवाही बाबांना आवडतो. मग तू पुस्तकांच्या फळीवर तो कॅमेरा बसवलास. चित्र कुठेही जाणार नाही, म्हणालास, फक्त हालचाल आहे की नाही एवढंच कळेल. चाळीस मिनिटं काही हललं नाही की तुझ्या फोनवर निरोप. बाबांनी त्याचं नाव चहाडखोर ठेवलं.

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस तो. आजही भिंग लावून एखाद्या जुन्या रेडिओत डोकं घातलं की तासभर पापणी हलत नाही. झालं, निरोप तुला. तू बाबांना फोन करायचास, त्यांना ऐकू यायचं नाही. मग मला. माझा फोन कपाटात, कारण कापड कापायच्या मशीनवर फोन जवळ ठेवू देत नाहीत. मग तू थेट कारखान्याच्या ऑफिसात. सुपरवायझर माझ्या टेबलाशी यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “जा बाई, तुमचे वडील पुन्हा स्वस्थ बसलेत.”

एकट्या जानेवारीत अकरा वेळा. पंचवीस मिनिटं बस, धापा टाकत जिना, आणि दारात बाबा: “जिवंत आहे. आलीच आहेस तर चहा घे.”

मी तुला सांगितलं होतं, चाळीस मिनिटांचे दोन तास कर. तू म्हणालास, “ताई, हे तुझ्या सोयीने चालत नाही.” खरंच आहे. काहीच कुणाच्या सोयीने चालत नाही, तुझी सोडून.

आता तुझ्या आलेखाकडे येते. सत्तावीस फेब्रुवारीला सकाळी सव्वाआठपासून दुपारी साडेचारपर्यंत दर मिनिटाला ‘हालचाल आहे’. बाबा तेवढा वेळ मोरीच्या दारात पडून होते. म्हणजे कुणीतरी छेडछाड केली, असं तू लिहितोस, आणि ते बरोबर आहे.

पण तू काय केलंस? दवाखान्यात फोन लावलास. मी शेजारी संत्रं सोलत बसले होते, आणि बाबांच्या फोनमधला आवाज शेजारच्यालाही ऐकू येतो हे तुला माहीत आहे. “बाबा, कॅमेऱ्यासमोर काय ठेवलं होतं तुम्ही?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “ठेवलं असेल काहीतरी. आता आठवत नाही रे.”

कुठल्या रेडिओत कुठला सुटा भाग कोणत्या साली घातला हे ज्याला आठवतं, त्याला आठवत नाही! आणि तू ते खरं मानलंस. पंधरा मिनिटं बोललास. तुमच्यावर विश्वास टाकता येत नाही, म्हणालास. तुम्ही लहान मुलासारखे वागता, म्हणालास. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाचा अर्ज आला, तुझी सही करून. कारणाच्या रकान्यात ‘स्वतःच्या सुरक्षेच्या साधनांशी छेडछाड’. खाली माझ्या सहीची जागा मोकळी.

टॉवेल मी टांगला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. पडद्याच्या दांडीला सुतळी बांधली, टॉवेल टेबलफॅनसमोर सोडला आणि फॅन एकवर ठेवला. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “जरा खाली घे. तिथून त्याला दिसणार नाही.” आम्ही दोघं हसलो. त्यानंतर ऑफिसात एकदाही फोन आला नाही. ते पडले त्या दिवशी मी कॉलर कापत होते, आणि फोन नाही म्हणून खूश होते.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी आठ दिवस हा कागद कोरा पडला होता. साडेचारला मी कुलूप उघडून आत गेले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. ओठ पांढरे पडले होते. मी वाकले तर म्हणाले, “आधी तो टॉवेल काढ. छोट्याला कळायला नको.”

आणि मी काढला. त्यांना तसंच फरशीवर ठेवून स्टुलावर चढले, सुतळी सोडली, घडी घालून कपाटात ठेवला. मग ॲम्ब्युलन्सला फोन केला.

हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. पण माझी चूक मोठी आहे म्हणून तुझी लहान होत नाही. आठ तास तू फोनवर ‘हालचाल आहे’चा हिरवा दिवा बघत होतास. दिवसातून एकदा त्यांच्याशी दोन वाक्यं बोलला असतास, तर टॉवेल काय करणार होता?

अर्ज फाडला. गुरुवारी बाबा माझ्याकडे येतील, पुढच्या खोलीत त्यांची खाट लावली आहे. मी पत्र लिहिते आहे हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, टाकू नकोस, तो तुझ्यावर चिडेल. चिडू दे.

मात्र आधी त्यांना फोन कर. ती पंधरा मिनिटं परत घे. सावकाश बोल, त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू येईल असं. त्यानंतर मला फोन कर आणि काय बोलायचं ते बोल. मी तुला मध्ये तोडणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेली,
ताई