सर्व्हर म्हणाला, झालं

५ ऑक्टोबर, रविवार
कर्जतच्या आमच्या वाचनालयात फाइल सर्व्हर बसवला. बसवणारा मीच. गावोगावची जुनी गाणी यात कायमची राहणार. 'कायमची' शब्दावर समिती खूश. वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी मेली आहे. उद्या नक्की बदलायची.

६ ऑक्टोबर, सोमवार
सर्व्हर फार हळू. कारण सापडलं: सिंक. डिस्कवर खरोखर लिहिल्याशिवाय 'झालं' म्हणतच नाही. जुन्या वळणाचा कारकून! असिंक केलं. आता आधी 'झालं' म्हणतो, लिहितो दहा मिनिटांनी, सवडीने; तोवर नुसतं लक्षात ठेवतो. मॅन्युअलमध्ये लाल अक्षरांत इशारा होता. तो नवशिक्यांसाठी.
बॅटरी राहिली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
आमच्या वाचनालयातली रूपा आपल्या आजीला, भीमाबाईंना, कळंबहून घेऊन आली. गुरुवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन. आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नाहीत. धम्मदीक्षा घेतली त्या साली त्यांच्या आईने रचलेली गाणी, दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. पाऊण तास गायल्या. मी शेजारीच, स्पीड मोजत. नंतर रेकॉर्डरच्या कार्डावरचं सगळं अकरा सेकंदांत कॉपी!
रूपा म्हणाली, "सर, कार्ड ऱ्हाऊ द्या आजचा दिस." मी हसून तिच्यासमोरच कार्ड पूर्ण फॉरमॅट केलं, कोरं. विज्ञानावर विश्वास हवा.
चार मिनिटांनी वीज गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार
फाइल आहे. आकार शून्य. दोष विजेचा.
रूपाने विचारलं, "आजीचं नीट हाय ना?" म्हटलं, झालं. संध्याकाळपर्यंत रिकव्हर करतो, म्हणजे ते खोटं ठरणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
ऑपरेशन झालं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने समितीच्या पळसदरी सहलीचे फोटो परत आणले. बाकी काही नाही.
सिंक पुन्हा चालू केलं. नवी बॅटरीही बसवली. आता अगदी सुरक्षित आहे. आत काहीच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
रूपा आजीला घेऊन आली, गाणी ऐकायला. आवाज गेलाय. सगळं सांगितलं. बुधवारीच कळलं होतं, तेही. लाज वाटली, अजून वाटते.
रूपा म्हणाली, "बुधवारी आजी परत गायली असती, सर."
भीमाबाईंनी खुणेने तिला काही सांगितलं. रूपा म्हणाली, "आजी म्हनते, सर बाजूलाच बसलेले. आजीला लिहिता येत न्हाई. मला दोन ओळी येतात, पुढचं तुमी सांगा. मी लिहून घेते."
तिने वही उघडली. दोघी माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.
मला एक शब्दही आठवेना.